ज्युनिअर हॉकी : कमावलेल्या शिष्यवृत्तीला मुदत कशासाठी?

दर वर्षी जूनच्या अखेरीस एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या अव्वल आइस हॉकी लीगचा, ड्राफ्ट होतो: संघ फेरीफेरीने नवे तरुण खेळाडू निवडतात. बत्तीस संघ, सात फेऱ्या, २२४ नावं. तो आटोपला की कॅनडातल्या तिन्ही मेजर ज्युनिअर आइस हॉकी लीगा आपापली यादी मिरवतात. आमच्याकडचे इतके निवडले गेले, पहिल्या फेरीत इतके. यादी खोटी नसते. सिडनी क्रॉस्बी रिमुस्कीकडून खेळला, कॉनर मॅकडेव्हिड ईरीकडून, कॉनर बेडार्ड रेजायनाकडून. तिघंही आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. सोळाव्या वर्षी घर सोडून परगावी राहायला निघालेल्या मुलाच्या आईवडिलांना हीच नावं सांगितली जातात.

या नावांवरून ज्युनिअर हॉकीचा हिशेब मांडणं मला मान्य नाही. हिशेब मांडायचा तर जो मुलगा व्यावसायिक हॉकीत पोचला पण एनएचएलमध्ये स्थिरावला नाही, त्याच्यावरून मांडावा. अशांची संख्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि आजच्या नियमांत सगळ्यात जास्त तोटा त्यांनाच होतो. ज्युनिअरमध्ये खेळून कमावलेली शिष्यवृत्ती, व्यावसायिक खेळाचा प्रयत्न केला म्हणून हातची जाते. ती जाता कामा नये.

आधी रचना. कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजे सीएचएल, ही छत्रसंस्था १९७५ पासूनची. तिच्याखाली तीन लीगा आहेत: पश्चिमेची डब्ल्यूएचएल, ऑन्टारिओची ओएचएल, आणि क्युबेक व अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांची क्यूएमजेएचएल. मिळून साठेक संघ, बहुतेक कॅनडात, काही सीमेपलीकडे अमेरिकेत. वय सोळा ते वीस. वीस वर्षांचे खेळाडू एका संघात तीनच ठेवता येतात, म्हणून एकोणिसाव्या वर्षाच्या अखेरीस बऱ्याच मुलांना लीगचं दार बंद होतं. हंगाम ओएचएल आणि डब्ल्यूएचएलमध्ये ६८ सामन्यांचा. त्याआधी सरावशिबिर, त्यानंतर प्लेऑफ. सप्टेंबर ते एप्रिल-मे असं वर्ष जातं.

आता संख्या पाहू. साठ संघ, प्रत्येकी तेवीस-चोवीस खेळाडू, म्हणजे कोणत्याही हंगामात चौदाशेच्या आसपास मुलं. तीन-चार वर्षं खेळून दर वर्षी त्यांतली चारेकशे बाहेर पडतात. समोर एनएचएलमध्ये बत्तीस संघ गुणिले तेवीस, ७३६ जागा. त्या जागा दर वर्षी रिकाम्या होत नाहीत, आणि रिकाम्या होतात त्यांवर स्वीडन, फिनलंड, चेकिया, रशिया, अमेरिकेची महाविद्यालयं असे सगळे टपलेले असतात. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे नोकरी लागली असंही नाही. ज्युनिअरमधून निवडलेल्या खेळाडूशी दोन वर्षांनंतरच्या १ जूनपर्यंत करार केला नाही तर संघाचा त्याच्यावरचा हक्क सुटतो, असा आजवरचा नियम आहे. पाचव्या-सहाव्या फेरीतल्या कित्येक मुलांना तो करार कधी येतच नाही.

अंदाज चुकतात तेही पाहण्यासारखं आहे. पंधराव्या वर्षीच मेजर ज्युनिअरमध्ये खेळण्याची मुभा देणारा ‘एक्सेप्शनल’ दर्जा २००५ मध्ये पहिल्यांदा जॉन टव्हारेसला मिळाला. पुढे एकब्लाड, मॅकडेव्हिड, बेडार्ड. याच दर्जाने २०१३ मध्ये मिसिसॉगाकडून आलेला शॉन डे २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ८१ वा निवडला गेला आणि एनएचएलमध्ये त्याला पाय रोवता आले नाहीत. देशातल्या सगळ्यात जाणत्या नजरा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल असं चुकू शकतात, तर बाकीच्या चौदाशेंबद्दल कोण छातीठोक सांगणार? त्यात जन्मतारखेचा भाग वेगळाच. वयोगट १ जानेवारीला मोजला जातो, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा अकरा महिने मोठा असूनही त्याच गटात खेळतो. रॉजर बार्न्स्ली आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मेजर ज्युनिअर संघांच्या याद्या तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी उघड दिसली. गुणवत्ता म्हणून निवडलं जातं त्यात थोडं निव्वळ वाढीचं वयही असतं.

मुलगा या व्यवस्थेला काय देतो? ओएचएलमध्ये साधारण गुरुवार ते रविवार सामने, बाकी दिवशी दुपारी सराव, जिम, व्हिडिओ. सकाळी शाळा. राहायला बिलेट कुटुंब, म्हणजे खेळाडूला आपल्या घरी ठेवून घेणारं गावातलं कुटुंब. क्लब त्या कुटुंबाला महिन्याला ठरावीक रक्कम देतो, जेवणखाण त्यांच्याकडे. प्रवास बसचा. सू सेंट मरी ते टोरांटो सातशे किलोमीटर, आणि क्युबेकच्या लीगमध्ये केप ब्रेटन ते रुआं-नोरांडा दीड हजार किलोमीटरहून कितीतरी जास्त. हायवेवर रात्र काढून सकाळी गणिताच्या तासाला बसणं हा हंगामाचा नेहमीचा भाग आहे. या प्रवासाची जोखीमही खरी आहे. १९८६ च्या ३० डिसेंबरला स्विफ्ट करंट ब्रॉंकोजची बस उलटून चार खेळाडू गेले. ६ एप्रिल २०१८ ला हंबोल्ट ब्रॉंकोजच्या बसच्या अपघातात सोळा जण गेले. तो संघ एक पायरी खालच्या ज्युनिअर ए लीगमधला, पण रस्ते तेच.

बदल्यात हातात रोख फार थोडं येतं. आठवड्याला पन्नास डॉलरच्या आसपासचा भत्ता हा आकडा न्यायालयातल्या दाव्यांमुळे सगळ्यांना माहीत झाला. स्टिक, स्केट, हेल्मेट क्लब देतो, आणि ते थोडं नाही. एक चांगली कार्बनची स्टिक तीनशे डॉलरच्या वर जाते आणि एका फटक्यात मोडते. पण साहित्य हा क्लबचा खर्च आहे, मुलाची कमाई नव्हे. मुलाची खरी कमाई एकच, एज्युकेशन पॅकेज, म्हणजे वर म्हटलेली शिष्यवृत्ती.

ते चालतं असं. लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका शैक्षणिक वर्षाची फी. बहुतेक ठिकाणी त्यात पुस्तकं आणि विद्यापीठाचे सक्तीचे शुल्क येतात. राहण्या-जेवणाचा खर्च करारात वेगळा मिळवला असेल तरच. चार हंगाम खेळला तर चार वर्षांची पदवी. हा खरोखर चांगला ठेवा आहे, आणि जे क्लब तो नीट पाळतात त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं. घोटाळा अटींमध्ये आहे. ज्युनिअर संपल्यावर ठरावीक काळात शिक्षण सुरू केलं नाही तर हक्क जातो. बराच काळ ही मुदत साधारण दीड वर्षाची होती. लीगनुसार ती बदलते, अलीकडे काही ठिकाणी वाढलीही आहे, पण घड्याळ आहेच. एनएचएलच्या करारावर सही केली की पॅकेज संपतं. खालच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायला गेलं तर घड्याळ चालूच राहतं, आणि दुसरा-तिसरा हंगाम होईपर्यंत हातात काही उरत नाही.

एनएचएलच्या करारावर सही केलेल्याला फी कशाला हवी, असं कुणी विचारेल. एनएचएलचं किमान वेतन २०२५-२६ मध्ये ७,७५,००० अमेरिकी डॉलर होतं, हे बरोबर. पण करार ‘टू-वे’ असतो. एनएचएलच्या बर्फावर उतरला तर तो दर, लगेच खालच्या एएचएल या व्यावसायिक लीगमध्ये पाठवला तर त्याचा लहानसा भाग. प्रत्येक संघाकडे जास्तीत जास्त पन्नास करार असतात, वरच्या यादीत तेवीस जण. म्हणजे अर्ध्याहून अधिक करारवाले कोणत्याही दिवशी खालीच असतात. तीन वर्षांचा पहिला करार संपवून एकही एनएचएल सामना न खेळलेले खेळाडू दर वर्षी बाहेर पडतात. त्यांचं पॅकेज मात्र सहीच्या दिवशीच गेलेलं असतं.

आणि ज्यांना एनएचएलचा करारच मिळत नाही, त्यांची वाट आणखी अरुंद. कुणी एएचएलच्या क्लबशी थेट करार करतो, कुणी ट्रायआउटवर, म्हणजे चाचणीपुरत्या करारावर, जातो, बाकीचे एएचएलच्याही खालच्या ईसीएचएल लीगमध्ये. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा, तोही हंगामापुरता, ऑक्टोबर ते एप्रिल. राहायला सामानासकट घर क्लब देतो. उन्हाळ्यात दुसरं काम शोधायचं. हंगाम ७२ सामन्यांचा. ज्युनिअरमध्ये शुक्रवार-शनिवार-रविवार सलग तीन सामने खेळलेल्याला त्याचं नवल नाही, पण इथे समोर तीस वर्षांची माणसं असतात आणि दुखापत झाली की तुमची जागा भरायला दुसरा माणूस दोन दिवसांत येतो.

बाहेरच्यांना सहसा न दिसणारा एक नियम इथे समजून घ्यायला हवा. एएचएल ही घडवणारी लीग आहे, म्हणून तिथे सामन्याला उतरणाऱ्या अठरा खेळाडूंपैकी, गोलरक्षक सोडून, किमान तेरा जण ‘डेव्हलपमेंट’ गटातले असावे लागतात. त्यांतल्या बारा जणांचे व्यावसायिक सामने २६० पर्यंत असावेत, तेराव्याला ३२० पर्यंत सूट. वर पाच जागा अनुभवी खेळाडूंना. आता मोजा. विसाव्या वर्षी एएचएलमध्ये आलेला मुलगा पूर्ण हंगाम खेळत राहिला तर तीन हंगामांत २१६ सामने होतात, आणि चौथ्या हंगामात तो २६० ओलांडतो. चोविसाव्या वर्षी तो ‘अनुभवी’ ठरतो आणि त्याची स्पर्धा त्या पाच जागांसाठी लागते. ईसीएचएलमध्येही अनुभवी खेळाडू चारच चालतात. थोडक्यात, एनएचएलचं बोलावणं यायचं असेल तर ते वीस ते चोवीस या वर्षांत यावं, असं व्यवस्थेनेच ठरवून ठेवलं आहे. शिष्यवृत्तीची मुदतही नेमकी याच वर्षांत संपते. दोन घड्याळं एकाच खिडकीवर बसवली आहेत आणि मुलाला म्हणतात, निवड.

ही निवड करताना त्याला काय माहीत असतं? फारसं काही नाही. आलेक्झांडर बरोजचं उदाहरण घ्या. शाविनिगनकडून ज्युनिअर खेळला, ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. ईसीएचएलमध्ये ग्रीनव्हिल, बॅटन रूज, कोलंबिया असं फिरला. मग एएचएलमध्ये मॅनिटोबा मूज, तिथून व्हँकुव्हर, आणि एनएचएलमध्ये ९१३ सामने. यानी गूर्द व्हिक्टोरियाव्हिलचा. २०११-१२ मध्ये क्युबेकच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण त्याचे, तरी ड्राफ्टमध्ये नाव नाही. तोही ईसीएचएलमधून आला, पंचविशी गाठल्यावर टॅम्पा बेमध्ये स्थिरावला, आणि २०२० व २०२१ असे सलग दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकला. मार्क जॉर्डानो ओवेन साउंडचा, तोही ड्राफ्टबाहेरचा, २०१९ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याच्याकडे. जॉनथन मार्शसो क्युबेक रेम्पार्टस्‌चा, २०२३ मध्ये प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू. हे चौघंही विसाव्या वर्षी कागदावर ‘न जमलेले’ होते. त्या वेळी कुणी त्यांना म्हणालं असतं, बाबा रे, फी बुडेल, कॉलेजात जा, तर तो सल्ला व्यवहाराचाच ठरला असता. आणि त्यांच्याच बसमध्ये शेजारी बसणारे, तितकीच मेहनत करणारे, गुडघा गेला किंवा प्रशिक्षक बदलला म्हणून पंचविसाव्या वर्षी घरी परतले. त्यांची नावं इथे देता येत नाहीत, कारण त्यांची यादी कुणी करत नाही. त्यांनी चार हंगाम तिकिटं विकून दिली, चार वर्षांची फी कमावली, आणि वापरायच्या वेळी ती उरली नव्हती.

उलट बाजूचं सगळ्यात बोलकं उदाहरण जोएल वॉर्डचं आहे. ओवेन साउंडमध्ये चार हंगाम खेळला. एनएचएलने निवडलं नाही. तेव्हा तो ईसीएचएलकडे न वळता प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या विद्यापीठात गेला, पॅकेज वापरलं, २००१ ते २००५ तिथल्या संघाकडून खेळत समाजशास्त्र शिकला. मग ह्यूस्टनमध्ये एएचएल, मिनेसोटाकडून एनएचएल, पुढे नॅशव्हिल, वॉशिंग्टन, सॅन होजे. एकूण ७२६ सामने. २०१२ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात जादा वेळेत त्याने गोल केला आणि गतविजेते घरी गेले. शिक्षण घेतलं म्हणून हॉकी सुटत नाही, हे वॉर्डने दाखवलं. आता हेच उलट क्रमानेही शक्य असायला हवं: आधी हॉकी, मग शिक्षण. शरीराचं वय पाहिलं तर हा दुसरा क्रम जास्त शहाणपणाचा आहे. बावीस वर्षांच्या पायांत जो वेग असतो तो सत्ताविसाव्या वर्षी नसतो. अर्थशास्त्राचा पेपर मात्र सत्ताविसाव्या वर्षीही देता येतो, आणि बरेचदा जास्त समजून देता येतो.

इथे कायद्याचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये माजी ज्युनिअर खेळाडूंनी किमान वेतनासाठी सामूहिक दावा लावला. लीगांचं उत्तर असं होतं की हे कामगार नाहीत, विद्यार्थी-खेळाडू आहेत, आणि त्यांना शिष्यवृत्तीच्या रूपाने मोबदला मिळतो. या भूमिकेवर एकेका प्रांताने ज्युनिअर खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळलं. ब्रिटिश कोलंबियाने २०१६ मध्ये, मॅनिटोबाने पुढल्या वर्षी, ऑन्टारिओने २०१८ मध्ये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने त्याआधीच. दाव्याची ३ कोटी डॉलरची तडजोड २०२० मध्ये ठरली, तीही न्यायालयात लगेच मान्य झाली नाही.

लीगांची भूमिका आपण त्यांच्याच शब्दांत मान्य करू. शिष्यवृत्ती हा मोबदला आहे. मग केलेल्या कामाच्या मोबदल्याला मुदत कशी असू शकते? गिरणीतल्या कामगाराचा प्रॉव्हिडंट फंड तो दुसऱ्या गिरणीत गेला म्हणून बुडत नाही. मुलाने २०२१-२२ चा हंगाम खेळला, प्रेक्षकांनी तिकीट काढलं, क्लबला पैसे मिळाले. तो व्यवहार पुरा झाला. नंतर तो ईसीएचएलमध्ये गेला, स्लोव्हाकियात गेला की वडिलांच्या दुकानात बसला, याचा त्या मोबदल्याशी संबंध नाही. आणि ही रक्कम मोबदला नसून केवळ बक्षीस आहे असं म्हणायचं असेल, तर किमान वेतनातून सूट मागण्याचा आधारच जातो. दोन्ही बाजू एकदम धरता येणार नाहीत.

लीगांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सगळे क्लब ऑन्टारिओतल्या लंडन शहराच्या लंडन नाइट्ससारखे श्रीमंत नाहीत. लंडनमध्ये नऊ हजार माणसं सामन्याला येतात. स्विफ्ट करंट हे गावच सतरा-अठरा हजारांचं, क्लब गावाच्या मालकीचा. मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट, लेथब्रिज इथेही क्लब गावकऱ्यांचेच. क्रॅनब्रुकसारख्या गावाला २०१९ मध्ये कुटनी आइस हा संघ गमवावा लागला. तो विनिपेगला गेला आणि चार वर्षांत तिथूनही वेनॅचीला हलला. अशा क्लबांच्या वहीत दहा वर्षं लटकणारी देणी लिहिली तर ते घाबरणारच. आज मुदत आहे म्हणूनच त्यांचे ताळेबंद जुळतात: सगळ्यांनी हक्क वापरला नाही तर देणं कमी होतं.

पण आकडे मांडून पाहा. कॅनडात देशी विद्यार्थ्याची पदवीची सरासरी फी वर्षाला सात हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास आहे. एका संघात चोवीस खेळाडू धरले तर एका हंगामाचं देणं १,६८,००० डॉलर. साठ संघांचं मिळून एक कोटीच्या आसपास. पुस्तकं, शुल्कं, महागडे अभ्यासक्रम धरून दीड कोटी म्हणू. हे झालं प्रत्येक मुलाने प्रत्येक वर्ष वापरलं तर. आता वर बघा. २०२५-२६ साठी एनएचएलच्या एका संघाची वेतनमर्यादा साडेपंचाण्णव दशलक्ष अमेरिकी डॉलर होती, बत्तीस संघांची मिळून तीन अब्जांहून जास्त. ज्युनिअरचा सगळा शिक्षणखर्च त्याच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत बसतो. एनएचएलच्या एका किमान पगारात, कॅनेडियन डॉलरमध्ये दहा लाखांहून जास्त होतो त्यात, पस्तीस मुलांची चार-चार वर्षांची फी निघते. एनएचएल आजही या लीगांना खेळाडू घडवण्याबद्दल निधी देते. त्या निधीचा एक भाग थेट शिक्षणाच्या सामाईक खात्यात वळवणं हा नवा भुर्दंड नाही, वाटपाचा प्रश्न आहे.

म्हणून देणं क्लबाकडे नको, लीगच्या सामाईक खात्यात हवं. हंगाम संपला की प्रत्येक खेळाडूच्या नावे एक वर्ष जमा. मुलाची अदलाबदल झाली, संघ दुसऱ्या गावी गेला, मालक बदलला, तरी जमा ती जमा. स्विफ्ट करंट आणि लंडन दोघांनी उत्पन्नाच्या प्रमाणात भरायचं. मुदत तीस वर्षांच्या वयापर्यंत तरी. एनएचएलचा करार झाला तर हक्क गोठवावा, रद्द करू नये. खेळाडूने एनएचएलच्या यादीत ठरावीक सामने खरोखर खेळले तरच तो संपावा. त्याची बचत झालेली रक्कम त्याच खात्यात परत यावी. मला वाटतं कुठलाही स्थिरावलेला एनएचएल खेळाडू याला ना म्हणणार नाही.

अलीकडे एक नवं उत्तर दिलं जातं: आता अमेरिकेची कॉलेजं उघडली, मग काळजी कसली? बदल मोठा आहे, यात शंका नाही. वर्षानुवर्षं सीएचएलमध्ये एक सामना खेळला तरी तो व्यावसायिक धरला जाई आणि अमेरिकेच्या एनसीएए या महाविद्यालयीन स्पर्धांचं दार बंद होई. ७ नोव्हेंबर २०२४ ला तो नियम बदलण्याचं ठरलं, १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला. डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मकेना त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठात गेला. मुलांना पर्याय मिळाला, लीगांना थोडी धास्ती बसली, दोन्ही चांगलं.

पण हा पर्याय कुणाचा आहे ते बघा. एनसीएएच्या पहिल्या विभागात पुरुषांचे साठेक संघ आहेत आणि नव्या नियमांत बऱ्याच ठिकाणी संघाची मर्यादा सव्वीस खेळाडूंची. पूर्ण शिष्यवृत्ती अव्वल मुलांना मिळणार. तिसऱ्या फळीत खेळणारा, पेनल्टीमुळे संघात एक जण कमी असताना बचाव करणारा, मेहनती विंगर या रांगेत मागेच राहील, आणि त्याला स्वतःच्या ज्युनिअरच्या पॅकेजवरच अवलंबून राहावं लागेल. शिवाय व्यावसायिक करार केला की एनसीएएचं दार पुन्हा बंद. म्हणजे ज्याने आधी ईसीएचएलचा प्रयत्न केला, त्याला हा बदल काहीच देत नाही. कॅनडाच्या विद्यापीठांची हॉकी त्याला जवळची. तिचा दर्जा कुणी कमी लेखू नये: न्यू ब्रन्स्विक विद्यापीठाचा संघ २०२३-२४ मध्ये त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस सामने जिंकला, आणि त्यात बहुतेक सगळे ज्युनिअरमधून आलेले. तिथे बसायला मात्र फी लागते.

एकोणिसाव्या वर्षाचा पेच याच गाठीचा दुसरा धागा. ड्राफ्ट झालेला, वीस वर्षं पूर्ण न केलेला सीएचएलचा खेळाडू एएचएलमध्ये पाठवता येत नाही, असा जुना करार आहे. एकतर एनएचएल, नाहीतर परत ज्युनिअर. शेन राइटचं २०२२-२३ चं वर्ष आठवा: सिएटलकडून आठ सामने, तंदुरुस्तीच्या नावाखाली एएचएलमध्ये पाच, मग जागतिक ज्युनिअर स्पर्धा, मग परत किंग्स्टन आणि लगेच विंडसरला अदलाबदल. एनएचएल आणि तिच्या खेळाडूंच्या संघटनेतल्या नव्या वेतनकरारात प्रत्येक एनएचएल संघाला एक एकोणीस वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये पाठवण्याची वाट मोकळी करण्याचं ठरलं आहे. मुलासाठी ते बरंच आहे. पण तो एएचएलमध्ये गेला म्हणजे त्याचा ज्युनिअरचा चौथा हंगाम गेला, आणि त्याबरोबर चौथ्या वर्षाची फीही. ती कोण भरणार, हे तिथे लिहून घ्यायला हवं.

आपल्या लोकांना हा विषय परका वाटू नये. भारतीय वंशाच्या घरांतून ही वाट चाललेले खेळाडू आहेत. डंकन गावचा रॉबिन बावा कॅमलूप्सकडून ज्युनिअर खेळला, ड्राफ्टमध्ये नाव नव्हतं, खालच्या लीगांतून वर येऊन १९८९-९० मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला: एनएचएलमधला दक्षिण आशियाई वंशाचा पहिला खेळाडू. कारकीर्द ६१ सामन्यांची. मॅनी मल्होत्रा गुएल्फमधून १९९८ मध्ये सातवा निवडला गेला आणि ९९१ सामने खेळला. ब्रिटिश कोलंबियातल्या सरीचा अर्शदीप बैन्स २०२१-२२ मध्ये ११२ गुण घेऊन डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला, ड्राफ्ट नसताना व्हँकुव्हरने करार केला. तिघांचीही मुळं पंजाबी. पण टोरांटोच्या आसपास, ब्रॅम्प्टन-मिसिसॉगात, मराठी घरंही आता थोडी नाहीत, आणि त्यांची मुलं त्याच रिंकवर स्केट बांधतात. त्यांतल्या कुणाच्या घरी पंधराव्या वर्षी ज्युनिअर क्लबचा करार आला, तर प्रशिक्षकाचं कौतुक ऐकण्याआधी शिक्षणाचं परिशिष्ट वाचावं.

त्यात पाहायचं असं. फी कोणत्या विद्यापीठाच्या दराने धरली आहे: राहत्या प्रांतातल्या, की मुलगा जाईल तिथल्या? इंजिनिअरिंगची फी कलाशाखेहून बरीच जास्त असते. फरक कोण भरणार? राहण्या-जेवणाचा उल्लेख आहे का? हंगामाच्या मध्यात, जानेवारीत अदलाबदल झाली तर ते वर्ष कुणाच्या खाती? सोळाव्या वर्षी सरावशिबिरात घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये सोडलं, तर वर्ष जमा धरणार की नाही, आणि त्यासाठी कुठली तारीख आहे? दुखापतीने हंगाम गेला तर? मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात: शेवटच्या सामन्यापासून, की वीस वर्षांचा हंगाम संपल्यापासून? ट्रायआउटवर खेळलेले दोन-चार व्यावसायिक सामने मुदतीवर परिणाम करतात का? अर्धवेळ शिक्षण चालतं का? तोंडी मिळालेलं प्रत्येक आश्वासन करारात लिहून, क्लबच्या आणि लीगच्या सहीसकट घ्यावं. ज्युनिअर लीगांच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये चांगल्या फेरीत निवडलेल्या मुलाला क्लब जास्त देतात, हे गुपित नाही. दहाव्या फेरीतल्या मुलाच्या घरच्यांनीही मागायला संकोचू नये. पहिल्या करारावर सही होईपर्यंतच त्यांच्या हातात थोडी ताकद असते, नंतर ती उरत नाही.

एकेकट्या घराने मागून मात्र मुदत हटणार नाही. ज्युनिअर खेळाडूंची संघटना नाही. २०१२ मध्ये माजी एनएचएल खेळाडू जॉर्ज लाराकला पुढे करून एक प्रयत्न झाला, तो काही महिन्यांत कोसळला. ज्यांना बोलायचं ते एकोणिसाव्या वर्षी बर्फावर मिनिटं कमी होतील या भीतीने गप्प राहतात, आणि बोलण्याचं धाडस येतं तेव्हा ते लीगबाहेर असतात. म्हणून हे काम दोघांकडे येतं. ज्या प्रांतांनी किमान वेतनातून सूट दिली, त्यांनी ती सूट बिनमुदतीच्या शिष्यवृत्तीच्या अटीवर ठेवावी. त्यासाठी विधानसभेत नवा कायदाही लागत नाही, जिथे सूट नियमातून दिली आहे तिथे नियमात दुरुस्ती पुरते. आणि एनएचएल व सीएचएल एकोणीस वर्षांच्या खेळाडूंबद्दल नव्याने बोलतील तेव्हा, एएचएलमध्ये लवकर नेलेल्या प्रत्येक खेळाडूमागे त्याच्या उरलेल्या ज्युनिअर हंगामांची फी एनएचएलच्या संघाने सामाईक खात्यात भरावी, हे कलम त्या मसुद्यात पहिल्या दिवसापासून असावं.